मागे राहिलेल्यांची दुर्बीण

तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेले तिघे सगळ्यांच्या लक्षात असतात. गन क्लबचा अध्यक्ष बार्बिकेन, त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी निकोल आणि फ्रान्सहून तार ठोकून ऐन वेळी येऊन धडकलेला मिशेल आर्दां. ज्यूल व्हर्नची ही गोष्ट वाचताना माझा जीव मात्र कायम चौथ्या माणसात अडकला. जे. टी. मॅस्टन हा क्लबचा चिटणीस. त्याचा एक हात तुटलेला, त्या जागी लोखंडी आकडा; कवटीचा एक भागही गटापर्चाचा. चंद्रावर जायची त्याला अनावर ओढ होती. असा अपुरा देह घेऊन चंद्रलोकात पृथ्वीचं प्रतिनिधित्व कसं करणार, असं सांगून आर्दांनं त्याची समजूत घातली आणि मॅस्टन मागे राहिला.

फ्लोरिडात तोफ उडाली आणि मॅस्टननं रॉकी पर्वतातलं लाँग्ज पीक गाठलं. खास या मोहिमेसाठी तिथं दुर्बीण उभारली होती. २८० फूट लांबीची नळी, तळाशी १६ फूट व्यासाचा आरसा, वर्धनशक्ती ४८,००० पट. म्हणजे चंद्र जणू पाच मैलांवर येणार आणि त्याच्यावरची नऊ फुटांची वस्तू दिसणार. गोळ्याचा व्यास नऊ फूट ठरला तो याच हिशेबानं. वर गेलेली माणसं कुठं आहेत हे खालच्यांना दिसलं पाहिजे, म्हणून वाहनाचं माप दुर्बिणीवरून काढलं गेलं. मला हे फार हलवतं. १८६५ सालच्या त्या पुस्तकात तोफेची, स्फोटकाची, ओतीव लोखंडाची पानंच्या पानं आहेत, पण त्या सगळ्या आकडेमोडीच्या पोटात कुणाला तरी नजरेआड होऊ न देण्याची धडपड आहे.

स्फोटानं आभाळ झाकोळतं. कित्येक दिवस ढग हटत नाहीत. ते हटतात तेव्हा मॅस्टन आणि केंब्रिज वेधशाळेचा संचालक बेलफास्ट यांची जुंपते. पुढच्या भागात, म्हणजे १८७० च्या पुस्तकात, एका रात्री दोघं नळीच्या वरच्या तोंडाशी वाद घालत असताना तार येते: गोळा पृथ्वीवर परत पडला! ते ऐकून एक किंकाळी उठते. नळीवर ओणवा झालेला मॅस्टन तोल जाऊन दुर्बिणीतच पडलेला असतो. वाचतो तो आकड्यामुळं. नळीच्या आतल्या कड्यात तो आकडा अडकतो आणि मॅस्टन तिथं लोंबकळत राहतो. वर ओढून काढल्यावर त्याला काळजी पडते ती आरशाची. फुटला असता तर काय झालं असतं, हा त्याचा प्रश्न. मित्रांवर आणि दुर्बिणीवर त्याचं प्रेम सारखंच आहे.

साहसकथा जाणाऱ्यांची असते. यान त्यांचं, वादळं त्यांची, परतल्यावर हारतुरे त्यांचे. दुर्बीण मात्र राहणाऱ्याची असते. विज्ञानकथांमधून ही वस्तू पुन्हा पुन्हा भेटते, आणि जेव्हा जेव्हा भेटते तेव्हा तिच्यामागं कुणीतरी एकटं बसलेलं असतं, ज्याला दिसतं पण जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हर्नची ही चांद्रकथा 'केरळ कोकिळ' मासिकातून 'चंद्रलोकची सफर' होऊन मराठीत आली, पुढं भा. रा. भागवतांनी मुलांसाठी 'चंद्रावर स्वारी' लिहिलं. माझ्यासारख्या कितीजणींनी ती स्वारी गच्चीवरून केली असेल. आपण वाचकही मागे राहिलेलेच की.

व्हर्नची दुर्बीण कल्पनेतली असली, तरी तिचं बळ खऱ्या दुर्बिणीतून आलेलं होतं. आयर्लंडमध्ये पार्सन्सटाउनला लॉर्ड रॉसनं १८४५ मध्ये सहा फूट व्यासाच्या धातूच्या आरशाची दुर्बीण उभी केली होती, आणि त्याच वर्षी तिच्यातून एका तेजोमेघाचे सर्पिल फाटे पहिल्यांदा दिसले. आयर्लंडच्या ढगाळ, दमट हवेत या महाकाय यंत्राला स्वच्छ रात्री फार कमी मिळायच्या. व्हर्ननं आपली दुर्बीण डोंगरावर चढवली, कारण हवा जितकी कमी तितका प्रकाश कमी वाया जातो. खगोलशास्त्रज्ञांचा पहिला कायमचा डोंगरावरचा मुक्काम कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पडला तो १८८८ मध्ये. कादंबरी तिथं वीसेक वर्षं आधी पोचली होती.

दुर्बिणीमागं बसलेल्या माणसावर बाकीच्यांना विसंबून राहावं लागतं. नळी एक, डोळा एक. बाकी सगळ्यांनी त्याच्या तोंडून ऐकायचं. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्रानं याच गोष्टीचा फायदा घेतला. सर जॉन हर्शल तेव्हा खरोखरच दक्षिण आफ्रिकेत, केप ऑफ गुड होपला दक्षिण गोलार्धातलं आकाश तपासत होते. पत्रानं सहा हप्त्यांत छापलं की हर्शलनी २४ फूट व्यासाचं भिंग बसवलंय आणि त्यांना चंद्रावर दिसलेत गवे, दोन पायांवर चालणारे बीव्हर आणि वटवाघळाचे पंख असलेली माणसं. लेखक होता रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक. शेवटच्या भागात भिंग चुकून सूर्यासमोर राहतं आणि त्याच्या झोतानं वेधशाळाच पेटते, म्हणजे पुढं आणखी काही दिसायची सोय उरत नाही. हर्शलना या आपल्या पराक्रमाची बातमी नंतर कळली. त्या लबाडीत जे कल्पनाचातुर्य होतं ते मला मान्य आहे, पण मन रमत नाही. एका माणसानं रात्र रात्र जागून मिळवलेला शब्द त्यात परस्पर वापरला गेला.

एच. जी. वेल्सनं हाच प्रश्न उलटा करून विचारला: शब्द खरा आहे आणि कुणी ऐकायलाच तयार नाही, तर? 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकातून आली आणि पुढच्या वर्षी पुस्तक झाली. त्या काळात मंगळानं सगळ्यांना वेड लावलं होतं. शियापरेल्लीनं १८७७ मध्ये मंगळावर रेघा पाहिल्या होत्या, पर्सिव्हल लोवेलनं १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफला वेधशाळा बांधून त्या रेघांचे नकाशे काढायला घेतले होते आणि त्या बुद्धिमान जिवांनी खोदल्या असं तो ठासून सांगत होता. वेल्सच्या कादंबरीत मंगळावरचा पहिला झोत जावामधला लाव्हेल टिपतो आणि तारा खडखडू लागतात. हे वाचताना मी तारा मिळालेल्या वेधशाळांच्या यादीत मनातल्या मनात पुणं घालते. कारण तेव्हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगामवाला यांच्या हाताखाली २० इंची आरशाची दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेतली. तीही त्या रात्री मंगळाकडे वळली असती.

कादंबरीत मात्र आपण ऑटरशॉला ओगिल्व्हीच्या वेधशाळेत असतो. खोली काळोखी. कोपऱ्यात झाकलेल्या कंदिलाचा जमिनीपुरता उजेड, दुर्बीण फिरवणाऱ्या घड्याळयंत्राची टिकटिक, छपरातल्या फटीतून दिसणारं आभाळ. बरोबर मध्यरात्री निवेदकाला मंगळाच्या कडेवर लालसर चमक दिसते. तो ओगिल्व्हीला जागा देतो आणि तहान लागली म्हणून अंधारात चाचपडत सोडावॉटरच्या सायफनकडे जातो. ओगिल्व्ही दुर्बिणीशी हरखून ओरडतोय, हा पाणी पितोय, आणि त्याच क्षणी मंगळवासीयांचं दुसरं नळकांडं पृथ्वीच्या दिशेनं निघालेलं आहे. इतक्या साध्या वाक्यांनी इतकी धडकी भरवणारं दृश्य मी विज्ञानकथेत दुसरं वाचलेलं नाही. दोघांनी पाहिलंय सगळं. कळलेलं काहीच नाही. मंगळावर माणसासारखं काही असण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं ओगिल्व्हीचं मत होतं.

पुढं नळकांडं हॉर्सेलच्या माळावर पडतं आणि पहाटे त्याच्यापाशी सगळ्यात आधी पोचतो तो ओगिल्व्हीच. आतून आवाज येतोय, झाकण हळूहळू फिरतंय. आत कुणीतरी होरपळतंय, बाहेर पडायची धडपड करतंय, असं त्याला वाटतं. मग एकदम त्याच्या डोक्यात ती मंगळावरची चमक आणि ही वस्तू यांचा धागा जुळतो. धागा जुळल्यावर तो मागे पळत नाही. आत कोंडलेल्या जिवाच्या कल्पनेनं कासावीस होऊन तो झाकण फिरवायला मदत करायला पुढं जातो. धगीनं हात भाजायच्या आत थांबतो, इतकंच. हा माणूस मला कधी विसरता येत नाही. ज्याला तो इतक्या रात्री इतक्या लांबून पाहत आला, ते जवळ आल्यावर त्याच्या मनात पहिली आली ती दया.

आणि मग सांगण्याची वणवण. भेटलेल्या गाडीवानाला वाटतं हा वेडा आहे. दारूच्या गुत्त्याची दारं उघडणारा नोकर तर त्याला पळून आलेला वेडा समजून कोंडूनच घालू पाहतो. शेवटी बागेत फावडं घेऊन उभा असलेला पत्रकार हेंडरसन ऐकून घेतो, पण तो एका कानानं बहिरा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. संध्याकाळी पांढरं निशाण घेऊन मंगळवासीयांना भेटायला गेलेल्यांत ओगिल्व्ही असतो, आणि उष्णकिरणानं जळून जाणाऱ्यांतही तो असतो. निवेदक जिवंत राहतो आणि गोष्ट त्याच्या नावावर जमा होते. मला नेहमी वाटतं, ओगिल्व्हीसाठी एक स्वतंत्र कथा लिहायला हवी होती.

दुर्बिणीशी बसणं किती एकाकी असतं हे वेल्सला आधीपासून ठाऊक होतं. १८९४ च्या त्याच्या एका कथेत बोर्निओतल्या आवू वेधशाळेत मुख्य निरीक्षक तापानं पडलेला, म्हणून वूडहाउस नावाचा सहायक एकटाच रात्रपाळीला बसतो. तारे पाहत असताना एकाएकी ते दिसेनासे होतात. ढग नाही. नळीसमोरून काहीतरी गेलंय, आणि ते घुमटात शिरलंय. वटवाघळासारख्या त्या अवाढव्य प्राण्याशी त्याची काळोखात झटापट होते. हर्जेच्या टिनटिनला १९४२ च्या पुस्तकात दुर्बिणीतून आकाशात प्रचंड कोळी दिसतो; तो असतो भिंगावरून चालणारा एक साधा कोळी. डोळा आणि आकाश यांच्या मध्ये किती काय येऊ शकतं! लोवेलच्या कालव्यांचंही तसंच होतं. मंगळ दिसण्याच्या जेमतेम मर्यादेवर असताना तुटक ठिपके नजरेनं जोडले आणि त्यांच्या रेघा झाल्या. १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि त्यानं पाठवलेल्या छायाचित्रांत खड्डे निघाले, कालवा एकही नाही. त्या रेघांवर तोवर साहसकथांचं अख्खं जग वसलं होतं, एडगर राइस बरोजच्या मंगळकथांसकट.

मर्यादेवरचं पाहणं म्हणजे काय ते मला वांगणीच्या माळावर कळलं. आकाशदर्शनाची रात्र होती, दुर्बिणीपुढं रांग. माझा नंबर आला तेव्हा नेत्रिकेचं रबर दवानं गार पडलेलं होतं. आधी दिसल्या त्या माझ्याच पापण्या. मग काळोख. "ताई, नळीला हात लावू नका, नुसतं बघा," असं दुर्बीणवाला मुलगा म्हणाला. डोळा जरा मागं घेतला आणि शनी दिसला. डाळीच्या दाण्याएवढा, कड्यासकट, अगदी स्वच्छ. पुस्तकातल्या चित्रांनी मनात भरलेला तो रंगीत, भलाथोरला शनी नव्हताच हा. आणि तो स्थिर नव्हता. पाहता पाहता कडेला सरकत चालला आणि दृष्टिक्षेत्राबाहेर गेला. पृथ्वी फिरत होती. पायाखालची जमीन मला घेऊन चालली आहे हे शरीराला जाणवलं ते तेव्हाच. मुलानं नळी किंचित ढकलून शनी पुन्हा मध्यावर आणला, आणि मागच्या आजींना पुढं घेतलं. त्या नाकावरचा चष्मा काढून बराच वेळ वाकून उभ्या होत्या. रांगेतलं कुणीही त्यांना आटपा म्हणालं नाही.

मराठी विज्ञानकथेला दुर्बीण मिळाली ती आतल्या माणसाकडून. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल. हॉयलच्या 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७ च्या कादंबरीत तारे झाकत येणारा काळा ढग छायाचित्रांच्या काचा पडताळताना सापडतो. शास्त्रज्ञ कसे काम करतात, कुठं अडतात, कशावरून भांडतात याचं इतकं खरं चित्रण तोवर क्वचितच झालं होतं. नारळीकरांनी तो वारसा घरगुती केला. त्यांच्या 'धूमकेतू' कथेतले दत्तदा कोलकात्याचे हौशी निरीक्षक. आयुष्यभराची इच्छा पुरी करून घेतलेली दुर्बीण, तिचं नाव दिव्यचक्षू. नवा धूमकेतू त्यांना दिसतो, त्यांच्या नावानं ओळखला जातो, आणि मग गणितं सांगू लागतात की तो पृथ्वीवर आदळणार. धूमकेतूला वाटेवरून ढकलतात दुसरे, मोठी यंत्रं आणि मोठे देश. दत्तदांच्या वाट्याला घर आहे. त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवींना पहिल्यापासून वाटतं की धूमकेतू शोधण्याचा अपशकुन आपल्या माणसानं का ओढवून घेतला, आणि संकट टळावं म्हणून त्या यज्ञ करवतात. टळतंही. आता कशामुळं टळलं? आकाशातलं अचूक दिसलेल्या माणसाला शेजारी बसलेल्या माणसाचं मन वळवता येत नाही. व्हर्न किंवा वेल्सच्या दुर्बिणीला संसार नव्हता. हा आपल्याकडचा अनुभव नारळीकरांनी तिच्यामागं आणून बसवला. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा हीच कथा काढून वाचली.

दुर्बीण डोळ्याची राहिली नाही, रेडिओलहरी ऐकणाऱ्या कानाची झाली, तरी हे एकाकीपण सुटलं नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला संशोधन करणारी जोसलिन बेल रोज शंभरेक फूट कागदावरचे आलेख नजरेखालून घालायची. त्यात तिला जेमतेम बोटभर जागेतली एक खरखर दिसली, जी ना ताऱ्याची होती ना माणसांच्या यंत्रांची. दर १.३३ सेकंदांनी ठोका, घड्याळासारखा नेमका. परग्रहावरचं कुणी तर नाही, ही शक्यता त्या वेळी खरोखर बोलली गेली, आणि असं काही निघालं तर जगाला सांगायचं कसं यावर वडीलधारे चर्चा करत होते. नाताळच्या तोंडावर एका रात्री तिला आकाशाच्या दुसऱ्याच भागात तशीच दुसरी खूण सापडली. दोन वेगळ्या टोकांहून दोन संस्कृती एकाच वेळी एकाच पद्धतीनं हाक मारणार नाहीत; म्हणजे हा नव्याच प्रकारचा तारा होता, पल्सार. कार्ल सेगनच्या १९८५ च्या 'कॉन्टॅक्ट'मधली एली अ‍ॅरोवे मला जोसलिनच्या घरातली वाटते. न्यू मेक्सिकोतल्या १३१ अँटेनांतून तिला अभिजित ताऱ्याकडून आलेला संदेश सापडतो. आणि इथं सेगननं एक विलक्षण गोष्ट केली: दुर्बिणीमागच्या माणसालाच प्रवासाला पाठवलं. एली जाऊन येते, आकाशगंगेच्या मध्यापर्यंत. पण मागे राहिलेल्यांनी यंत्र जागचं हललेलंही पाहिलेलं नाही, त्यांच्या घड्याळात काही मिनिटंच गेलीत आणि तिच्या फितींवर काही उमटलेलं नाही. तिचा एवढा मोठा प्रवास पाहायला खाली एकही मॅस्टन नव्हता.

अलीकडच्या चित्रपटांत दुर्बीण म्हणजे एक पडदा असतो. त्यावर लाल ठिपका येतो, भोंगा वाजतो आणि पुढच्या दृश्यात सगळे यानात. मला हे फार गरीब वाटतं. प्रत्यक्षात राहणाऱ्यांचं काम संपलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, दत्तदांच्या धूमकेतूची आठवण यावी असंच. यान तर आदळून संपलं. ढकललं गेलं की नाही हे ठरवलं जमिनीवरच्या दुर्बिणींनी. जोडीतला एक गोळा दुसऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती वेळानं किंचित मंदावतो, ते रात्रीमागून रात्री मोजून. पावणेबारा तासांहून जास्त लागणारी फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झालेली निघाली.

असा माणूस मला मराठी कथेत हवा आहे, आणि त्याला बसायला जागा आपल्याकडे आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, निम्म्याच्या आसपास मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना द्राक्षाच्या, टोमॅटोच्या शेतांतून पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीचं हलकं तबक योजलं, म्हणून एवढं मोठं काम आपल्या ऐपतीत बसलं. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथं शाळांच्या सहलींची झुंबड उडते. पण मला हवी आहे ती रात्रपाळी. नियंत्रणकक्षात चहाचे कप, पडद्यावर आलेख, आणि ऑपरेटरच्या खुर्चीत जुन्नर तालुक्यातलीच एखादी मुलगी. तिला एक रेघ दिसते. कुणाच्या मोटारसायकलची ठिणगी असेल, मोबाइलचा टॉवर असेल, विजेच्या तारा असतील. या सगळ्यांचा त्रास तिथल्यांना रोजचाच. तिनं काय करायचं हे ठरलेलं आहे: अँटेना ताऱ्यापासून जरा बाजूला वळवायच्या. रेघ गेली तर वरची, राहिली तर इथलीच. अँटेना सावकाश वळतात. तेवढ्या मिनिटांत ती काय करते, कुणाला फोन लावते किंवा लावत नाही, रेघ गेल्यावर घरी आईला सकाळी काय सांगते, एवढ्यावर कुणीतरी येत्या दिवाळी अंकासाठी कथा लिहावी. आणि तिच्यात शेवटपर्यंत कुणालाही यानात बसवू नये.